नुकताच गळाला लागलेला ट्राउट: साधेसोपे प्रकार

रानवाट (कोलोरॅडो)

उन्हाळा सुरू झाला की इथले बरेच मराठी लोक मुलाबाळांना घेऊन मासेमारीला जातात. ट्राउट मिळतो, फोटो काढून होतात आणि मग ग्रुपवर प्रश्न पडतो, "आता ह्याचं करायचं काय?" उत्तरं ठरलेली असतात: आलं-लसणाचं वाटण, मालवणी मसाला, जाड रवा, भरपूर तेल. सुरमईला हे सगळं पेलतं, ट्राउटला पेलत नाही. थंड, वाहत्या पाण्यातला मासा हा. मांस मऊ, चव सौम्य आणि किंचित गोडसर, कातडी कागदासारखी पातळ. एवढ्या ताज्या माशावर मसाल्याचा थर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतोय.

आधी तव्याआधीचं. मासा पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या तासाभरात काय होतं, त्यावर त्याची निम्मी चव ठरते. ठेवायचा ठरला की त्याला तडफडत ठेवू नका. डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, छोट्या दांडक्याचा एक जोरदार फटका द्या, लगेच कल्ल्यांजवळची शीर कापा आणि रक्त वाहून जाऊ द्या. पोट तिथेच साफ करा आणि मासा बर्फात ठेवा. दोरीला ओवून दुपारभर कोमट पाण्यात सोडलेला मासा संध्याकाळी मऊ पडतो, मग कितीही चांगला तवा असला तरी उपयोग नाही.

आता माझा नेहमीचा प्रकार. साधारण ३० सेंटीमीटरचा, पाव किलोच्या थोडा वरचा अख्खा मासा. आतून-बाहेरून कागदी रुमालाने अगदी कोरडा करा. हे काम घाईने उरकू नका, कारण ओली कातडी तव्याला चिकटते आणि मासा तळला जाण्याऐवजी वाफवला जातो. दोन्ही बाजूंना आणि पोटात मीठ, थोडी मिरपूड. वरून मैदा किंवा मक्याचं बारीक पीठ भुरभुरवा आणि जादाचं झटकून टाका.

बिडाचा तवा चांगला तापू द्या, दोन चमचे तेल घाला, तेल हलकं लहरू लागलं की मासा आपल्यापासून लांबच्या दिशेने अलगद सोडा. मग चार मिनिटं हात लावायचा नाही. कातडी कुरकुरीत झाली की मासा आपणहून तव्यापासून सुटतो. कालथा सहज खाली सरकत नसेल तर अजून वेळ आहे. उलटल्यावर आच थोडी कमी करून लोण्याचा एक मोठा खडा टाका. लोणी फेसाळून तपकिरी होऊ लागलं, खमंग वास सुटला की तवा तिरपा करून ते चमच्याने माशावर ओतत राहा. आणखी तीन-चार मिनिटं. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. असली तर चिमूटभर पार्सली, नसली तर कोथिंबीर. बस्स.

झाला की नाही हे ओळखायच्या दोन खुणा: डोळा पांढरा होतो आणि पाठीवरचा पर ओढला तर न झगडता हातात येतो. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस, म्हणजे इथल्या मापाने १४५ फॅरेनहाइट.

नियमांचं एवढंच सांगतो. कोलोरॅडोत परवाना हवाच, आणि साधारणपणे दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, पण काही नद्यांचे नियम वेगळे आहेत. निघण्यापूर्वी त्या जागेचा नियम वाचा. ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट हा इथला राज्य-मासा आहे, तो संरक्षित आहे, मिळाला तर हलक्या हाताने परत सोडा. याउलट उंचावरच्या तळ्यांमधला ब्रुक ट्राउट हा बाहेरून आणून सोडलेला. कित्येक ठिकाणी त्याची इतकी दाटी झालीय की मासे वाढतच नाहीत. वीतभर लांबीचे हे मासे तव्यावर अप्रतिम लागतात आणि ते खाल्ल्याने तळ्याचं भलंच होतं.

तुमचे प्रकार लिहा.

चिंचगूळ

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! फोटो का नाही टाकलात? दोन शंका. खवले काढायचे का? आणि "पोट साफ करा" हे एका वाक्यात उरकलंत, मला ते नीट सांगा. आजवर मासेवालीकडून साफ करून आणलेलाच मासा हातात घेतलाय.

रानवाट

खवले काढायची गरज नाही. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की शिजल्यावर जाणवतही नाहीत. कातडीवर बुळबुळीत थर असतो, तो पुसून घेतला की झालं.

साफ करायला पातळ, धारदार सुरी घ्या. मासा उताणा धरा. शेपटीकडच्या पराच्या पुढे छोटं छिद्र असतं, तिथे सुरीचं टोक घालून हनुवटीपर्यंत सरळ चिरा. टोक फार आत जाऊ देऊ नका, आतडी फुटली की कडू पाणी पसरतं. मग हनुवटीखाली, जिभेच्या मागची पातळ त्वचा आडवी कापा, तिथे बोट अडकवून शेपटीच्या दिशेने खाली ओढा. कल्ले आणि आतडी एकत्र निघून येतात.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. पोटाच्या आत, कण्याला लागून, एक काळपट लाल पट्टा दिसतो. ते साकळलेलं रक्त वाटतं, पण तो माशाचा मूत्रपिंड. त्यावर एक पातळ पापुद्रा असतो. तो सुरीने उभा चिरा आणि अंगठ्याच्या नखाने शेपटीकडून डोक्याकडे खरवडत जा. वाहत्या पाण्याखाली धरलं की गडद गुठळ्या सुटून येतात आणि खाली कण्याचे पांढरे मणके स्वच्छ दिसायला लागतात. एकही काळा ठिपका उरू देऊ नका. ट्राउटला उग्र, कडसर वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या माशात बहुतेक वेळा हा पट्टा राहिलेला असतो.

आतडी पाण्याकाठी टाकून येऊ नका. अस्वलांचा मुलूख असेल तर मुळीच नको. पिशवीत बांधून, अस्वलाला न उघडता येणाऱ्या कचरापेटीत टाका.

वेंगुर्ल्याची_लेक

रानवाट, धागा मनापासून आवडला, पण मसाल्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. कोकणात ताज्या माशाला जाड वाटण लावतात हा समजच चुकीचा आहे. मचव्यावरून थेट आलेली मुडदुशी आमच्या घरी फक्त मीठ, हळद, किंचित तिखट आणि कोकमाच्या आगळात दहा मिनिटं ठेवायचे. वरून तांदळाच्या पिठाचा नुसता हात. जाड वाटण लागतं ते दोन दिवस बर्फात पडलेल्या माशाला, किंवा हॉटेलवाल्यांना. त्यामुळे कमी मसाला हे शहाणपण आम्हाला नवीन नाही.

माझी मुलगी सिॲटलला असते, सध्या मी तिच्याकडे आले आहे. एप्रिलअखेरीस इथल्या सखल भागातल्या तळ्यांचा हंगाम उघडतो, सरकारने सोडलेले रेनबो जातीचे ट्राउट असतात, जावई घेऊन येतात. तळ्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो. त्याला लोणी-लिंबू पुरत नाही, आगळ लागतो. हळद, मीठ, आगळ लावून पंधरा मिनिटं, मग निथळून, पुसून, तांदळाचं पीठ. करून बघा आणि मग सांगा.

रानवाट

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझा रोख जाड थरावर होता, कोकणावर नव्हता.

चिखलाच्या वासाचं तर तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. पाण्यातल्या काही सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य त्याला कारण असतं. पहिल्या पावसात मातीला येणारा गंधही त्याचाच. आंबटात ते विघटित होतं, म्हणून आगळ, चिंच, व्हिनेगर, लिंबू सगळेच उपयोगी पडतात. ते कातडीत आणि कडेच्या गडद मांसात जास्त साठतं. वास फारच असेल तर कातडी काढून टाकावी. वाहत्या थंड नदीतल्या माशाला मात्र हा त्रास सहसा नसतो, तिथे आगळाशिवाय एकदा तरी खाऊन पाहा एवढीच विनंती.

पोहुतुकावा (न्यूझीलंड)

इथून नमस्कार. आमच्याकडची गोष्ट निराळी आहे. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. बाजारात नाही, हॉटेलच्या मेनूवर नाही. खायचा असेल तर स्वतः पकडा किंवा पकडणाऱ्या मित्राच्या घरी जेवायला जा. ताउपो सरोवराच्या आसपास काही हॉटेलं तुम्ही नेलेला मासा शिजवून देतात, एवढीच सोय.

ट्राउट मूळचा इथला नाहीच. ब्राउन जातीचा १८६७ मध्ये टास्मानियातून आला, रेनबो १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून. ताउपो सरोवर आणि त्याला मिळणारी तोंगारिरो नदी आता जगभरातल्या गळवाल्यांची पंढरी झालीय (ताउपोचा परवाना वेगळा काढावा लागतो, देशभराचा इथे चालत नाही). मासे मोठे असतात, दीड-दोन किलोचे सहज. मांस केशरी, तेल भरपूर. हा रंग खाण्यातून येतो: कोळंबीच्या जातीचे कवचवाले जीव पोटात गेले की मांस रंगतं.

एवढा मोठा मासा अख्खा तव्यावर बसत नाही, म्हणून इथे त्याला धुरी देतात. पत्र्याचा छोटा डबा मिळतो, खाली स्पिरिटचे दोन दिवे, डब्याच्या तळाला मूठभर मानुका लाकडाचा भुसा, वर जाळी. कृती अशी:

मासा पोटाकडून उघडून पुस्तकासारखा पसरवा, कातडी तशीच ठेवा. मीठ एक भाग, ब्राउन शुगर दोन भाग, हे मांसाच्या बाजूने चोळा आणि फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवा. पाणी सुटेल. ते ओतून मासा भरकन धुवा, पुसा आणि फ्रीजमध्येच उघडा ठेवून द्या, पृष्ठभाग बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत. हा चिकटपणा आला नाही तर धूर धरत नाही आणि वर पांढरे थेंब जमतात. मग डब्यात कातडी खाली करून ठेवा, झाकण लावा, वीस ते पंचवीस मिनिटं. डबा अंगणातच लावा, घरात नाही.

गरम असताना हातानेच तुकडे काढून खायचा. दुसऱ्या दिवशी थंडही छान लागतो, भातावर तूप आणि वर हा मासा, सोबत लिंबाचं लोणचं. आमच्याकडे मसाल्याचा डबा उघडावाच लागत नाही.

चिंचगूळ

मानुका म्हणजे ज्याचा मध मिळतो तेच झाड ना? तो भुसा मिळाला नाही तर?

पोहुतुकावा

हो, तेच. सफरचंद, चेरी, ओक कुठलंही कठीण लाकूड चालतं. पाइन-देवदारासारखी राळ असलेली लाकडं नकोत, धूर कडू होतो. रंग दिलेलं किंवा प्लायवूड तर चुकूनही नको.

वळणवाट

हिमाचलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीर्थन खोऱ्यात गुशैणीच्या बाजूला आम्ही ट्रेकवाले दरवर्षी मुक्काम करतो. तीर्थन ही ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येणारी नदी, पाणी मे महिन्यातही हाडं गोठवणारं. तिथला ट्राउटही बाहेरचाच: कुलू खोऱ्यात हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९ च्या सुमारास काश्मीरमधून आणला, काश्मीरमध्ये तो १९०० साली स्कॉटलंडहून आला होता. पुढे पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने मोठं मत्स्यबीज केंद्र झालं आणि आता गावोगावी शेततळ्यांसारख्या सिमेंटच्या लांबट हौदांत रेनबो वाढवतात. नदीचं गार पाणी एका टोकाने आत येतं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर जातं.

आमच्या होमस्टेच्या दीदींची पद्धत: मासा साफ करून दोन्ही बाजूंना तिरक्या तीन चिरा. लसूण, ओवा, हळद, लाल तिखट, मीठ आणि लिंबाचा रस एवढंच ठेचून चिरांमध्ये भरतात, वर फासत नाहीत. मोहरीचं तेल कढईत धूर येईपर्यंत तापवतात, मग चूल जरा ओढून तेल निवू देतात आणि त्यात मासा सोडतात. तेल आधी धुरापर्यंत तापलं नाही तर त्याचा झणका माशावर बसतो. ओव्याचा वास आणि मोहरीचं तेल ह्यांची जोडी ट्राउटशी इतकी जमते की मला तरी लोण्याची आठवण येत नाही. सोबत राजमा-भात.

एक महत्त्वाचं: हिमाचलमध्ये १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते, तो माशांचा अंडी घालायचा काळ. त्या दिवसांत कुणी "नदीतला ताजा आणून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. हौदातला मासा बाराही महिने मिळतो आणि तो तेवढाच ताजा असतो, समोर जाळीने काढून देतात.

नवशिका_गळवाला

माझा प्रश्न वेगळा. पाण्याकाठीच लगेच तळायला घेतला तर मासा तव्यावर धनुष्यासारखा वाकतो. मधला भाग उचलला जातो आणि कच्चा राहतो. ताजा असून असं का होतं?

रानवाट

ताजा आहे म्हणूनच होतं. मेल्यानंतर थोड्या वेळाने माशाचे स्नायू ताठरतात, काही तासांनी पुन्हा सैल पडतात. ताठरण्याआधी किंवा ताठर असताना उष्णता लागली की स्नायू जोराने आखडतात, शिवाय कातडीही आकसते. तीन उपाय आहेत. वेळ असेल तर मासा साफ करून बर्फात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी तो सरळ राहतो आणि माझ्या मते चवही जास्त खुलते. वेळ नसेल तर वळणवाट यांनी लिहिल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना चिरा द्या, पण फक्त कातडी आणि थोडं मांस, कण्यापर्यंत नको. तिसरा उपाय म्हणजे डोकं-शेपूट काढून मधोमध उघडून दोन फाळ्या करणं आणि तव्यात टाकल्यावर पहिली तीस सेकंद कालथ्याने दाबून धरणं.

काठावरच खायचा असेल तर तव्यापेक्षा फॉइल बरं. फॉइलच्या आत बटर पेपरचा एक तुकडा, त्यावर मासा, पोटात कांद्याच्या चकत्या, मीठ आणि लोणी. लिंबू नंतर, आंबट थेट अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका. कडा घट्ट दुमडा आणि ज्वाळा विझून उरलेल्या निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. जाडीच्या दर अडीच सेंटीमीटरला दहा मिनिटं हा हिशोब, वर पाकिटातून उष्णता आत जायला तीन-चार मिनिटं धरा. आत वाफेवर शिजत असल्याने वाकला तरी बिघडत नाही.

कोलोरॅडोत उन्हाळ्यात बऱ्याचदा शेकोटीला बंदी असते. त्या दिवशी काय चालतं ते विचारूनच पेटवा, गॅसचा छोटा स्टोव्ह सोबत ठेवलेला बरा. आणि तंबूपासून लांब शिजवा. माशाचा वास कपड्यांना लागतो आणि अस्वलाचं नाक तीक्ष्ण असतं.

काळंअरण्य (जर्मनी)

नवशिका, तुमचा वाकणारा मासा आमच्या श्वार्त्सवाल्डमध्ये ताजेपणाची खूण समजतात! इथे "फोरेले ब्लाउ" म्हणजे निळा ट्राउट हा जुना प्रकार आहे. जर्मनीत मासेमारीच्या परवान्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे मी खेड्यातल्या तळ्यावरून मासा घेते. तळ्यावरचे काका जाळीने काढतात, आधी बेशुद्ध करतात (कायद्याने ते बंधनकारक आहे), मारून लगेच साफ करून देतात.

ह्या प्रकाराचं सगळं रहस्य त्या बुळबुळीत थरात आहे. रानवाट यांनी तो पुसायला सांगितला, इथे तो अजिबात पुसायचा नाही. मासा फक्त आतून धुवायचा, बाहेरून कमीत कमी हाताळायचा, अंगठा आणि बोटाने डोक्याला धरायचं. एका पातेल्यात पाणी, कांदा, गाजर, तमालपत्र, मिरीदाणे, मीठ असं वीस मिनिटं उकळून घ्या. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप व्हिनेगर गरम करा. मासा खोलगट ताटात ठेवून त्यावर ते गरम व्हिनेगर ओता. डोळ्यांदेखत कातडी करड्या रंगावरून निळसर होत जाते, पाठीवर जास्त, पोटाकडे फिकट. मग मासा व्हिनेगरसकट त्या पाण्यात सोडा. पाणी उकळता कामा नये, तळातून एखादाच बुडबुडा यावा इतकी मंद आच. दहा-बारा मिनिटं.

मासा शिळा असेल, थर पुसला गेला असेल किंवा गोठवलेला असेल तर निळा होत नाही. इतका प्रामाणिक प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही, त्यात लपवायला काही जागाच नाही. उकडलेले बटाटे, वितळलेलं लोणी आणि किसलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) सोबत. हॉर्सरॅडिश नसेल तर मोहरी फेसून घ्या, झणका तसाच येतो. आणि गालाचे दोन छोटे तुकडे, डोळ्यांच्या खालचे, ते आधी खा. पाहुण्याला द्यायचे असतात.

रानवाट

हे फार सुंदर लिहिलंत. उंचावर राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी: लेडव्हिलसारख्या ३,००० मीटरच्या वरच्या गावात पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे पाण्यातला मासा दोन-तीन मिनिटं जास्त ठेवा आणि घड्याळापेक्षा पराच्या खुणेवर विश्वास ठेवा.

मीठभाकर

इतका ताजा असेल तर साशिमीसारखा कच्चा का खाऊ नये? ट्राउट आणि सामन एकाच कुळातले ना?

काळंअरण्य

कृपया खाऊ नका. ताजेपणाचा आणि जंतांचा काही संबंध नाही. गोड्या पाण्यातल्या जंगली माशांच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. लिंबू, व्हिनेगर किंवा थंड धुराने त्या मरत नाहीत. अमेरिकन अन्न खात्याचा नियम आहे उणे २० अंशांना सात दिवस, आणि घरचा फ्रीजर कित्येकदा तेवढा थंड नसतो. शिजवूनच खा.

बाळबोध

लहान मुलांसाठी काट्यांचं काय करता? माझी पाच वर्षांची मुलगी मासा आवडीने खाते पण मी ट्राउटला धजत नाही.

पोहुतुकावा

अख्खा शिजवलात तर उलट सोपं आहे. पाठीवरचा पर काट्यासकट ओढून काढा. कण्याच्या रेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरी फिरवा, वरची फाळी दोन्हीकडे सरकवा. आता शेपूट धरून हळूहळू वर उचला. नीट शिजला असेल तर सगळा सांगाडा डोक्यासकट एकसंध निघतो, खाली दुसरी फाळी जवळजवळ बिनकाट्याची मिळते. अर्धवट शिजलेल्या माशात मांस काट्यांना धरून राहतं, मग तुकडे पडतात. पोटाच्या कडेचे आणि पराजवळचे बारीक काटे मात्र राहतात, तो भाग मोठ्यांनी खावा. मुलीला पाठीकडचं जाड मांस द्या, तेही बोटांनी एकदा चाचपून.

सदाशिवपेठी

वाचून जीव खालीवर होतोय. पुण्यात काय करावं? आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट का नाही?

वळणवाट

त्याला उन्हाळ्यातही साधारण २० अंशांच्या आतलं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. आपल्या नद्या चैत्र-वैशाखात कुठे आटतात, कुठे कोमट होतात. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच पठारांवर इंग्रजांनी तो वसवला, उटीजवळ अ‍ॅव्हलांचला १९०७ पासूनचं बीज केंद्र आहे. आपल्याकडे एवढी उंची नाही.

पुण्यात ह्या पद्धती लहान अख्ख्या पापलेटवर किंवा मुडदुशीवर वापरा. पीठ-लोणी-लिंबू दोन्हींना शोभतं. निळा प्रकार मात्र जमणार नाही.

वेंगुर्ल्याची_लेक

रानवाट, तुमची विनंती मान्य करून जावयांना म्हटलं, तळं सोडा, एकदा नदीवर जाऊन या. काल दोन रेनबो आले. एक तुमच्या पद्धतीने, एक माझ्या. नदीच्या माशाला आगळाची गरज नव्हती, हे खरं. पण पीठ मात्र तांदळाचंच हवं. मैद्यापेक्षा कुरकुरीत राहतं आणि लोणी ओतल्यावरही लगेच मऊ पडत नाही. जावयांचंही हेच मत पडलं.

उरलेल्याचं सांगते. रात्रीचा अर्धा मासा होता. सकाळी काटे काढून चुरला, एक उकडलेला बटाटा, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, आल्याचा कीस, मीठ, आणि बांधायला ब्रेडचा चुरा. चपटे कटलेट करून तव्यावर थोड्या तेलात भाजले. मुलांनी डब्यात नेले.

रानवाट

ताई, तांदळाचं पीठ पुढच्या वेळी नक्की. त्यात लोणी कधी घातलंत, उलटल्यावर लगेच की अगदी शेवटी?

वेंगुर्ल्याची_लेक

शेवटच्या मिनिटाला. आधी घातलं तर तांदळाचं पीठ तुपकट होतं. आणि मासा उतरवल्यावर ताटात पसरट ठेवू नका, जाळीवर ठेवा, खालची बाजूही कुरकुरीत राहते.